मधलं माणूस

आमच्या घरात तिघांचा फोटो नाही. घरात माणसं तीनच, आई, बाबा आणि मी, आणि तरीही नाही. आम्ही तिघं ज्यात आहोत अशा प्रत्येक फोटोत चौथं कुणीतरी आहे. लहानपणी आम्ही पोफळीच्या कॉलनीत राहायचो, तिथल्या एका फोटोत दूधवाला आहे, हातात किटली घेऊन. दुसऱ्यात विमा विकायला आलेले एक गृहस्थ आहेत. ते बिचारे इतके ताठ उभे आहेत की नवखा माणूस त्यांनाच घरचा कर्ता समजेल. एकदा कुणीच सापडेना तेव्हा आईने शेजाऱ्यांच्या शेळीचं करडू उचलून मांडीवर घेतलं होतं. तो फोटो खरं तर सगळ्यांत चांगला आलाय.

आईचं म्हणणं ठाम होतं. तिघांचा फोटो काढायचा नाही, काढला तर मधलं माणूस जातं. हे पुष्कळ घरांत म्हणतात आणि हसून सोडून देतात. आई सोडून देणाऱ्यांतली नव्हती. तिचं माहेर राजापूरचं. ती लहान असताना तिच्या मामाने हौसेने फोटोवाल्याला घरी आणलं आणि तिघी बहिणींना अंगणात ओळीने उभं केलं. थोरली डावीकडे, आई उजवीकडे आणि मधली मधे. त्याच पावसाळ्यात मधली तापाने गेली. फोटो धुऊन आला तो ती गेल्यावर. आईने तो एकदाच पाहिला आणि त्यात मधलीचे डोळे मिटलेले होते, असं ती सांगायची. उन्हाने मिटले असतील, असं मी एकदा म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

चौघांचा मात्र चालायचा. चौघांत मधलं कुणी नसतं, हा तिचा हिशोब. तो चुकीचा आहे असं म्हणायची सोय नव्हती.

बाबा पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. त्यांना या सगळ्याचं भारी हसू यायचं. वीज चुकीच्या तारेला हात लावला की मारते, मुहूर्त बघत नाही, असं ते म्हणायचे. स्टुडिओवाला खोळंबलेला, मी नव्या फ्रॉकमध्ये घामाघूम, आणि आई दाराशी उभी राहून कुणी रस्त्याने जातंय का ते बघतेय. मग बाबा म्हणायचे, "अगो, चौघांचा काढला तरी चौघंही मरणारच आहेत. जरा थांबावं लागेल, एवढंच."

"मग थांबा तुम्ही," आई म्हणायची. "चौथं माणूस येऊ दे."

बाबा निवृत्त झाले आणि आम्ही रत्नागिरीत आलो, भाट्याच्या खाडीपासून जवळ, चिऱ्याच्या एका बैठ्या घरात. मला तोवर इथल्याच एका कचेरीत नोकरी लागली होती. लग्न जमलं नव्हतं आणि जमवायची मला घाईही नव्हती. मी तोंडाची फटकळ. बघायला आलेल्यांना ते पहिल्या चहातच कळायचं. शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं. त्या घरच्या बाईंना मी चाची म्हणायची, आई आणि बाबा भाभी म्हणायचे. दोन घरांमध्ये दगड रचून केलेला कमरेइतका गडगा. त्याच्यावरून सोलकढी तिकडे जायची आणि ईदेचा शिरखुर्मा इकडे यायचा. आईला कायमचं चौथं माणूस मिळालं. हाक मारली की चाची पदराला हात पुसत यायच्या आणि एकच विचारायच्या, "कुठे उभी राहू?"

त्यांचा मुलगा कुवेतला होता. दोन हजार पाचच्या आसपास तो सुट्टीवर यायचा होता तेव्हा मी त्याला तिकडून एक छोटा डिजिटल कॅमेरा आणायला सांगितलं. चांदीच्या रंगाचा, तळहातात मावणारा. बटण दाबलं की भिंग घुर्र करून पुढे यायचं. मागे काडेपेटीहून थोडी मोठी काच, आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे बघायचा. रोल नको, धुणं नको, छत्तीस फोटो संपायची वाट बघणं नको. आईने त्याला हातात घेऊन उलटासुलटा केला आणि त्याचं नाव ठेवलं डबी.

त्या डबीने मला वेड लावलं. पर्समध्ये ती कायम असायची. मिरकरवाड्यातला माशांचा लिलाव, एसटी स्टँडवर झोपलेलं कुत्रं, कचेरीच्या कोपऱ्यात निथळत ठेवलेल्या छत्र्या, आंब्याच्या पेट्यांवर बसून चहा पिणारे हमाल, मी कशाचेही फोटो काढायची. कचेरीत सगळे चिडवायचे. एका साहेबांनी तर विचारलं, आमच्या फायलींचा एखादा चांगलासा काढता का, म्हणजे वर दाखवता येईल की त्या आहेत. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. चाळिशीकडे झुकलेल्या बाईला एखादी गोष्ट मनापासून आवडावी, हेच मला नवीन होतं.

आणि त्या डबीत टायमर होता. कॅमेरा कुठेतरी टेकवायचा, बटण दाबायचं आणि पळत जाऊन जागेवर बसायचं. पुढचा लाल दिवा लुकलुकायचा, मग घाईघाईने लुकलुकायचा आणि फोटो निघायचा. काढणारं माणूसच लागत नव्हतं. मला तेव्हा एकच फोटो हवा होता, ज्यात आम्ही तिघंच असू. दूधवाला नाही, विमावाला नाही, चाचीसुद्धा नाहीत. मला भाऊबहीण नाही, पुढे माझं म्हणून कुणी असेल असंही दिसत नव्हतं. हे घर म्हणजे ही तीन माणसं, याचा एक तरी पुरावा असावा असं वाटायचं.

"आई, तिघांचा काढते आज."

"गप बस. माझ्या घरातलं माणूस घालवायचंय काय गो तुला?" आणि लगेच गडग्याकडे तोंड करून, "भाभी, येताय काय जरा?"

मी हात टेकले. वाटलं, आहे पुष्कळ वेळ, कधीतरी मऊ होईल.

दुसऱ्या वर्षी आईचं पोट दुखायला लागलं. पित्त म्हणून दोन-तीन महिने काढले. मग इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला जायला सांगितलं आणि तिथल्यांनी जे असू नये तेच आहे असं सांगितलं. त्यानंतर आमच्या खेपा सुरू झाल्या. सकाळची एसटी, आंबा घाट, कोल्हापूर, इस्पितळ, आणि आईला झेपेल तेव्हा परत.

गंमत अशी की आई जन्मात इतकी फिरली नव्हती. राजापूर, पोफळी आणि रत्नागिरी, यापलीकडे तिने फारसं काही पाहिलं नव्हतं. ती खिडकीशी बसायची आणि मला कोपराने ढोसायची. "तो धबधबा काढ गो. ती बघ, ती बाई डोक्यावर केवढा भारा घेऊन चाललीय, काढ तिला." धावत्या गाडीतून सगळं फराटलेलं यायचं, तरी ती डबीच्या काचेवर डोळे लावून बघायची आणि म्हणायची, "बरा आलाय." साखरपा गेलं की हवा बदलते, हे तिला साठीनंतर कळलं. लोक सहलीला जातात, आम्ही औषध चढवायला जायचो, आणि माझ्याकडे आईच्या प्रवासाचे म्हणून जे फोटो आहेत ते सगळे त्या खेपांचे आहेत.

तिचे स्वतःचे फोटो मात्र ती टिकू देत नव्हती. केस गेले, गालफडं बसली, पातळ अंगावर राहीना. मी फोटो काढला की ती हात पुढे करायची, काच जवळ धरायची आणि सांगायची, "हा पूस." मी पुसायची. पुढच्या खेपेला पुन्हा काढायची, पुन्हा पुसायची. पूर्वी रोल धुवायला टाकला की जे यायचं ते यायचं. आता आपण कसं दिसायचं हे तिला ठरवता येत होतं, आणि तिने ठरवलं होतं की दिसायचंच नाही. चेहऱ्यावर उजेड पडून जरा बरी दिसली असेल तेवढा एखादा ती ठेवायला सांगायची. तसे फोटो कमी होत गेले.

तिघांच्या फोटोचं मी त्या काळातही विचारत राहिले, पण आता वेगळ्या कारणासाठी. आई कण्हत पडलेली असायची आणि मी मुद्दाम डबी नाचवत म्हणायची, "काढू काय आज तिघांचा?" ती पडल्यापडल्या डोळे वटारायची. "माणूस घालवायचंय काय तुला?" ते ऐकलं की मला बरं वाटायचं. फोटो कोण मागत होतं, मला तो नकारच हवा होता. अजून घरातलं माणूस जाईल याची तिला भीती होती, म्हणजे कुणीच जाणार नाही असं ती धरून चालली होती. डॉक्टर काय म्हणतात यापेक्षा माझा विश्वास त्या वटारलेल्या डोळ्यांवर होता. बाबा हे ऐकत असायचे. त्यांनी तिची थट्टा करणं सोडून दिलं होतं.

शेवटच्या खेपेला कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला आणि बाबांना बाहेर बोलावलं आणि आता घरीच ठेवा म्हणाले. परतीच्या वाटेवर आईने खिडकीबाहेर बघितलं नाही. मला ढोसलंही नाही. आम्ही तिला सांगितलं, औषधं लागू पडलीयत, आता खेपा नकोत. ती म्हणाली, "होय काय? बरं झालं."

नंतर एका दुपारी, जेवणं झाल्यावर, ती उशीला टेकून बसली होती. बाबा पायथ्याशी खुर्चीत पेपर वाचत होते. पलीकडे चाची सुकटीतला कचरा निवडत बसल्या होत्या, त्याचा वास घरभर होता. आई म्हणाली, "डबी आण गो."

मी आणली.

"तो तुझा टायमर लाव. तिघांचा काढ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने पलंगावर हाताने थोपटून जागा दाखवली, एकीकडे मला आणि एकीकडे बाबांना. "या इथे दोघं. मी मधे बसते."

तिला सगळं माहीत होतं. आमच्या औषधं लागू पडल्याच्या थापेला काडीची किंमत नव्हती, आणि ती आमच्यावर चिडलेलीही नव्हती. तिने फक्त हिशोब मांडला होता. तिघांतलं एक जाणारच असेल तर ते कोण, याची व्यवस्था ती करत होती. मधे मी किंवा बाबा नसलो म्हणजे झालं. इतकी वर्षं ज्या फोटोसाठी मी तिच्या डोक्यावर मिरी वाटली तो माझ्यापुढे आला होता आणि मला तो नको होता. मला तिने डोळे वटारायला हवे होते.

तरी मी कॅमेरा खिडकीत टेकवला. खाली घडी केलेलं फडकं सारलं, काचेत बघितलं, आई बरोबर मध्यावर होती. बाबा पेपर ठेवून उठले आणि तिच्या डावीकडे बसले. मी बटण दाबलं आणि पळत उजवीकडे जाऊन बसले. आईने माझा हात धरला. लाल दिवा लुकलुकायला लागला.

मग तो घाईघाईने लुकलुकायला लागला आणि बाबा उठले.

ते अनवाणीच मागच्या दाराकडे निघाले. फोटो निघाल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ बाहेरून बाबांचा आवाज ऐकू आला. "भाभी, जरा येता का? फोटोला चौथं माणूस हवंय."

आई दाराकडे बघत राहिली. ते आत आले तेव्हा ती म्हणाली, "जन्मभर हसलात मला."

"हसलो."

"मग आता काय ह्याने होणार आहे?"

"काही नाही होणार," बाबा म्हणाले. "तू हलू नको."

चाची पदराला हात पुसत आल्या. त्यांनी नेहमीसारखं कुठे उभी राहू ते विचारलं, आणि आजवर हे सांगायचं काम आईचं होतं, ते बाबांनी केलं. त्यांनी चाचींना आईच्या शेजारी बसवलं, मला पलीकडे सरकवलं, स्वतः दुसऱ्या टोकाला बसले, मग परत उठून खिडकीशी जाऊन काचेत बघितलं. मधे कुणी येत नाही याची खात्री करून घेतली. वीजघरात काम केलेला माणूस बोटाने हवेत चार मोजत होता, आणि मला रडू आवरेना. आधीचा फोटो आईने मागून घेतला. त्यात ती आणि मी होतो आणि कडेला बाबांच्या सदऱ्याची एक पांढरी पट्टी होती. ती म्हणाली, "पूस," आणि मी पुसला. मग मी पुन्हा बटण दाबलं.

तो फोटो आहे माझ्याकडे. चाचींच्या हाताला सुकटीचा चुरा लागलेला दिसतो. मी रडतेय, बाबा कॅमेऱ्याकडे रागाने बघतायत, आईचे डोळे उघडे आहेत. तिने तो बघितला आणि पुसायला सांगितला नाही.

फोटोत आम्ही चौघं आहोत. मधलं कुणीच नाही. तरी आई गेली.