झ्वेट म्हणजे घाम

माझी मुलगी समता डचमध्ये बोलायला लागली की मी हातातलं काम बाजूला ठेवते. एरवी ती माझ्याशी मराठीतच बोलते. तिच्या मराठीत झाड 'ती' असतं आणि खिडकी 'तो', पण बोलते. काही बिनसलं की मात्र डच, आणि तेही दोन-तीन शब्दांत. गेले दोन आठवडे तेही नाही. मी मेसेज करते, उत्तराला एक अंगठा येतो. आज संध्याकाळी तिने तिच्या बाबांना, म्हणजे रविकांतला, सांगितलं की जंगलातली नोकरी सोडायची म्हणतेय, एखादं ऑफिसातलं काम बघते. तो खूश झाला. म्हणाला, तुझ्या मनासारखं झालं की. तो झोपायला गेला आणि मी इथे स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आहे. माझ्या मनासारखं झालं, आणि मला लाज वाटते आहे.

समता तीन वर्षांची होती तेव्हा आम्ही नागपूरहून इथे नेदरलँड्सला, कापेल आन डेन आयसेल या गावात आलो. सातवा मजला, खाली कालवा. शाळेतून येताना ती कायम उशीर करायची, कारण वाटेत काहीतरी सापडायचं. एकदा सायकलच्या टोपलीत रेनकोटात गुंडाळून मेलेलं बदक घेऊन आली. मी किंचाळले. ती म्हणाली, "आई, ती एकटी होता." मी पिशवीत घालून कचऱ्यात टाकायला निघाले, तर माझ्या हातातून ओढून घेतलं आणि बाबांना खाली नेऊन पुरायला लावलं. रविकांत टाय लावून खड्डा खणत होता आणि गॅलरीतून सगळे बघत होते.

पुढे नायमेखनला जीवशास्त्र शिकली आणि फेल्यूवेच्या जंगलात एका खासगी इस्टेटीवर वनरक्षकाची मदतनीस म्हणून लागली. एका शेतकऱ्याच्या गोठ्यावरच्या खोलीत राहते. बाबांचं जुनं जाकीट घालते, त्याच्या बाह्या दुमडून. उंचीने माझ्याहून कमी, आवाज मात्र असा की तिच्या बॉसने तिला हसू नकोस असं लेखी कळवलं आहे, जनावरं पळतात म्हणून. हे तिनेच मला सांगितलं, हसत.

त्या जंगलात रानडुकरं फार होतात. लांडगे आत्ता कुठे परत येताहेत, बाकी डुकरांना खाणारं कोणी नाही. म्हणून दरवर्षी ठरलेल्या संख्येने मारावी लागतात. हे काम इस्टेटीवरचे म्हातारे करायचे. कोरोनात त्यातले दोघे गेले. बॉसने समताला विचारलं आणि तिने शिकारीच्या परवान्याचा अभ्यास सुरू केला.

आम्ही बौद्ध. पंचशीलातलं पहिलं, जीव न घेण्याचं शील मी रोज म्हणते. मी तिला म्हटलं, तुला दुसरं काही सुचलं नाही का? ती म्हणाली, "आई, आपला रविवारचा मटण कुठून येतो?" मी मटणाचं बाजूला ठेवलं आणि अट घातली. शिकायचं ते शिक, पण या घरात रक्ताच्या गोष्टी नकोत. तो शब्दसुद्धा नको. ती बरं म्हणाली. आमच्या रविवारच्या ऑनलाइन वंदनेत, ती घेणाऱ्या वसुधाताईंनी विचारलं, समता काय करते हल्ली? मी सांगितलं, झाडं मोजते.

परवाना झाला तेव्हा रायफल घ्यायची होती. तिच्याकडे गाडी नाही, म्हणून मी घेऊन गेले. दुकान एका लहान गावात, बेकरीच्या शेजारी. आत दोघांनाच परवानगी, तोंडाला मास्क. दुकानदार म्हातारा होता. त्याने आम्हा दोघींकडे पाहिलं आणि मला विचारलं, मेव्राउ, म्हणजे बाईसाहेब, तुमची ही पहिलीच रायफल का? समता इतकी हसली की तिचा मास्क हनुवटीवर आला.

नवी परवडणारी नव्हती. त्याने तिच्यासमोर दोन जुन्या ठेवल्या. एक थ्री-ओ-एट, जाड काडतुसाची. तिची काडतुसं कुठेही मिळतात आणि त्यातल्या त्यात स्वस्त, असं तो म्हणाला. दुसरी साडेसहा मिलिमीटरची, हलकी, धक्का कमी, दुर्बीण बसवलेलीच. दोन्ही रानडुकराला कायद्यात बसतात. समताने पहिली उचलली, दस्ता खांद्याला लावला, नळी भिंतीकडे धरून बघितली. तिला ती आवडली होती. आईला कळतं.

"यातली लहान कुठली?" मी मराठीत विचारलं.

"लहान म्हणजे?"

"गोळी. जी कमी लागेल ती."

तिने रायफल खाली ठेवली. "आई, कमी लागून नाही चालत. लागली तर पूर्ण लागायला पाहिजे. लगेच."

मला ते कळलं होतं. पण मी माझाच हिशेब करत होते. मारायचंच असेल तर लहान गोळीने मारावं, तेवढंच कमी पाप, अशी काहीतरी माझी समजूत. एम.ए. झालेली बाई मी. मी म्हटलं, "माझ्यासाठी घे."

दुकानदाराने विचारलं, आई काय म्हणते? समताने सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, हलकीसुद्धा चांगली आहे, स्वीडनमध्ये लोक त्याच काडतुसाने एल्क, म्हणजे घोड्याएवढी हरणं मारतात. फक्त रानडुकराचं कातडं जाड आणि चरबी भोक बुजवते. नेम जरा चुकला तर मोठ्या गोळीने निदान माग राहतो. कशाचा माग, ते मी विचारलं नाही. समताने हलकी घेतली. परत येताना गाडीत बेकरीतला केक खाल्ला आणि मला म्हणाली, चल, आता तू खूश.

फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी तिचा फोन आला. मी कणीक मळत होते, फोन स्पीकरवर टाकला. रेंज नीट नव्हती.

"आई, झ्वेट मिळालं नाही," ती म्हणाली. "खूप वेळ थांबली मी. अजिबात नाही."

झ्वेट म्हणजे घाम. एवढं डच मला येतं. आणि त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. शेजारच्या इमारतीत कोरोनाने एक जण गेला होता, नागपूरहून रोज एकेक नाव येत होतं. घाम आला की ताप उतरतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. घाम येत नाही म्हणजे ताप अडकला.

"ताप किती आहे?" मी विचारलं. "टेस्ट केलीस? पॅरासिटामॉल घेतलीस का?"

"ताप नाही, आई."

"मग घाम कशाला हवाय तुला? दोन पांघरुणं घे. गरम पाणी पी. वास येतो का, ते सांग."

मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो हॅलो करत राहिले.

"लाट मार," ती डचमध्ये म्हणाली. म्हणजे, जाऊ दे. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मेसेज केला, घाम आला का? तिचा अंगठा आला. मला हायसं वाटलं. मी रविकांतला सांगितलंसुद्धा, उतरला ताप.

आज दुपारी गॅलरीत आमची शेजारीण खेर्डा भेटली. सत्तरीची आहे, पूर्वेकडच्या खेड्यातली. दोन दारांएवढं अंतर ठेवून आम्ही रोज थोडं बोलतो. मी तिला गंमत म्हणून सांगितलं, माझ्या मुलीने जंगलातून फोन केला, का तर घाम येत नाही. मला वाटलं ती हसेल.

"रायफल घेऊन गेली होती?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. खेर्डाला मी खरं सांगितलेलं होतं. आपल्या माणसांना नाही, हिला.

"शिकारी लोक रक्ताला झ्वेट म्हणतात," ती म्हणाली. "माझे वडील म्हणायचे. झ्वेट मिळालं नाही म्हणजे जनावराला गोळी लागली, ते पळालं, आणि जमिनीवर माग नाही. मग दुसऱ्या दिवशी कुत्रा आणून शोधायचं." तिने कठड्यावर हात ठेवले. "तशा रात्री वडील झोपायचे नाहीत. आम्हा मुलांना घरात बोलायची बंदी असायची."

मी काहीतरी उत्तर देऊन आत आले आणि कपडे धुवायला टाकले. मग ते मशीनमध्ये तसेच राहिले.

मी तिला तो शब्द घरात आणू नकोस म्हटलं होतं. तिने नाही आणला. एवढं सगळं घडलेलं असताना, अंधारात, कुठेतरी ते जनावर तिच्या गोळीने फाटलेलं पडलेलं असताना, तिने माझी अट पाळली. माझ्या कानांना चालेल असा शब्द शोधून तिने मला फोन केला. बॉसला नाही, मैत्रिणीला नाही, मला. आणि मी तिला पांघरुणं घ्यायला सांगितलं.

बदकासाठी माझ्याशी भांडलेली मुलगी ती. तिला काय होत असेल ते मला माहीत असायला हवं होतं. ते डुक्कर सापडलं का, जिवंत सापडलं का, मला अजून माहीत नाही. आता तिला वाटतं आहे की हे काम आपल्याला जमत नाही. नेम चुकला असेलही. पण त्या दुकानात लहान गोळी कुणी घ्यायला लावली, हे ती मला कधीच म्हणणार नाही. ती फक्त नोकरी सोडेल, कुठल्यातरी ऑफिसात बसेल, आणि वसुधाताईंना मी मोकळेपणी सांगू शकेन. हे सगळ्यांना सोयीचं आहे. तिला सोडून.

तिला फोन उद्या सकाळी करावा, असं आधी वाटलं. पण सकाळी रविकांत उठलेला असेल, त्याची मीटिंग सुरू असेल, मी हळू आवाजात बोलेन आणि ती ठीक आहे म्हणेल. दोन आठवडे असेच गेले. ती जागी असेल. मी तिला नोकरी ठेव म्हणणार नाही आणि सोडही म्हणणार नाही. त्या रात्री काय झालं ते पहिल्यापासून सांग म्हणणार आहे, जे शब्द लागतील त्या शब्दांत. मध्ये बोलणार नाही.

मेसेज नाही करत. फोनच करते.