अण्णांचा समुद्र

"ठरलं तर मग!" असं म्हणून अण्णा उठत, तेव्हा काय ठरलं याचा आमच्यापैकी कुणालाच पत्ता नसे. आमच्या होडी मंडळाची बैठक पंचगंगेच्या घाटावर भरायची. चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आत हे गृहस्थ उभे राहून तळहातावर तळहात चोळायला लागत. मग घरी जाताना आम्ही एकमेकांना विचारायचं, "काय हो, काय ठरलं?"

अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. ती स्वतः स्वस्थ बसत नाहीत, एवढ्यावर भागत नाही. दुसरा कुणी स्वस्थ बसलेला त्यांना बघवत नाही. मी शाळामास्तर. रविवार हा झोपेसाठी दिलेला वार आहे अशी माझी पक्की समजूत होती. केवळ अक्षर बरं म्हणून मंडळानं मला चिटणीस केलं, आणि त्यानंतर सहा वर्षं दर रविवारी पहाटे माझ्या दाराची कडी वाजत राहिली. "चिटणीस, उठा की! नदी निघाली फुडं!"

अण्णांचा धंदा घड्याळं दुरुस्त करायचा. महाद्वार रोडलगतच्या एका बोळात त्यांचं छोटंसं दुकान होतं. नाव सांगत नाही. कोल्हापुरात त्यांना अण्णाच म्हणत.

आमचं मंडळ जन्मलं ते काहिलीत. उसाचा रस आटवून गूळ करायची ती भली मोठी कढई. पुराच्या दिवसांत आमच्याकडे तिचीच होडी करतात. तिची एकच खोड, ती गोल असते. वल्हं मारावं तर पुढं जायच्या आधी स्वतःभोवती दोन फेऱ्या घेते. एका पुरात अण्णा, गुळाचे एक अडते, तालमीतला एक पैलवान आणि मी असे चौघं अडकलेली माणसं काढायला काहिलीतून गेलो. परत आलो तेव्हा माणसं सुखरूप होती आणि आम्ही तिघं घाटावर डोकं धरून बसलो होतो. अण्णा तेवढे उभे होते. "आपल्या सोत्ताच्या होड्या पायजेत. ठरलं तर मग!"

होड्या केल्या त्या उचगावच्या एका सुतारानं. त्यानं जन्मभर बैलगाड्या केलेल्या. अण्णांनी जमिनीवर रेघा ओढून होडी समजावून सांगितली, तर शेवटी त्यानं विचारलं, "आणि जू कुठं बसवायचं?" दोन होड्या झाल्या, चार-चार माणसांच्या, निमुळत्या. एक सरळ चालायची. दुसरी डावीकडं कलायची. "चिटणीस, तुमी उजव्या अंगाला बसा," अण्णा म्हणायचे. "तुमचं वजन मंडळाच्या कामी येऊ द्या."

सहलीची आखणी हा अण्णांचा खरा आनंद. घाटाच्या पायरीवर खडूनं नदी काढायची, आणि तिच्यावर भाजलेल्या शेंगा मांडायच्या. एक शेंग म्हणजे एक सभासद. तीन दाण्यांची म्हणजे पैलवान. "ह्ये तुमी मागं. ह्यो मी फुडं. हितं भोवरा हाय, हितनं कडंनं काढायचं." आखणी रंगात येईपर्यंत पैलवान बोलता बोलता दोन-तीन सभासद सोलून खात असे. "अरं, मला खाल्लंस की!" अण्णा ओरडत आणि स्वतःच्या जागी नवी शेंग ठेवत. हसून आमची मुरकुंडी वळे. पण पाण्यात उतरल्यावर ती आखणी कधी चुकली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मंडळाचं दुसरं काम पुराचं. घाटावरची देवळं पाण्याखाली गेली की आमच्या होड्या नदीकाठच्या गावांकडे निघत. अशाच एका गावात एक म्हातारी गोठ्याच्या माळ्यावर बसलेली. खाली म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात.

"आजी, चला. म्हशीला सोडा, ती पोहती," अण्णा म्हणाले.

"म्हशीला सोडू व्हय? तूच ऱ्हा हितं. म्हस जाईल होडीतनं."

अण्णांनी वाद घातला नाही. म्हातारीला होडीत घेतलं आणि म्हशीचं दावं होडीच्या टोकाला बांधलं. म्हैस पोहायला लागली ती होडी ओढतच. "वल्ही वर घ्या! इंजिन मिळालं!" अण्णा पुढच्या जागेवरून ओरडले. म्हशीनं आम्हाला एका बाभळीच्या अंगानं नेलं. डावीकडून एक जाड फांदी पाण्यावर वाकली होती. आम्ही सगळे वाकलो. अण्णा ताठ बसून राहिले आणि फांदी त्यांच्या कानशिलावर बसली.

"एवढी जाड फांदी दिसली न्हाई रं तुला?" म्हातारी म्हणाली.

अण्णा रक्त पुसत हसले. मला मात्र त्या हसण्यानं बरं वाटलं नाही.

त्या आठवड्यात मी घड्याळाचं निमित्त काढून दुकानात गेलो. डोळ्याला भिंग लावून ते केसाएवढा स्क्रू चिमट्यानं बसवत होते. स्क्रू अचूक बसला. मग हात बाजूला नेला तो शेजारच्या पाण्याच्या तांब्यावर आपटला. तांब्या लवंडला, पाणी माझ्या धोतरावर. अण्णांनी भिंग काढलं आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.

"समोरचं दिसतंय, चिटणीस. बाजूचं न्हाई. किल्लीच्या भोकातनं बघितल्यागत. अंधार पडला की तेबी न्हाई. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, भोक बारीक होत जाणार. दोन वर्षं. लई झालं तर तीन."

मी लवंडलेला तांब्या उचलून सरळ ठेवला.

"बायकोला ठावं हाय. लेक गारगोटीला दिलीया, तिला सांगितलं न्हाई. मंडळात कुणाला कळता कामा न्हाई."

"अण्णा, होडीत चार माणसांचा जीव असतो."

"म्हणून तर तुमाला सांगतोय. तुमी माझ्या मागं बसायचं. बाजूचं तुमी सांगायचं, फुडचं मी बघतो." मग म्हणाले, "मी समुद्र बघितला न्हाई. पोरपणापासनं पाण्यात हाय, पर पलीकडं काठ न्हाई असलं पाणी बघितलं न्हाई. ते एकदा बघायचं. आपली होडी त्यात घालायची. मग भोक बुजलं तर बुजू दे."

मी वचन दिलं. तेव्हापासून माझा रविवार गेला तो गेलाच, पण मनाची स्वस्थताही गेली. अण्णांच्या पाठीमागं बसून मी पुटपुटत असे, "डावीकडं खडक. उजवीकडं बाई धुणं धुतीय." बाकीचे म्हणत, चिटणीस अण्णांचा पोपट झालाय. होऊ दे म्हणायचो. सांगून टाकावं असं दर खेपेला वाटे आणि दर खेपेला अण्णा तळहात चोळत विचारत, "समुद्राचं कधी ठरवायचं?"

पहिल्या वर्षी गुळाचा हंगाम लांबला, अडत्यांना सवड झाली नाही. दुसऱ्या वर्षी पैलवानाचं लग्न निघालं. "समुद्र कुठं पळून जातोय?" पैलवान म्हणाला. अण्णा हसले. मी मात्र त्या लग्नात जेवताना पैलवानाशी नीट बोललो नाही. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

तिसऱ्या वर्षी थंडीत एकदाचं ठरलं. अडत्यांचा ट्रक, त्यात दोन होड्या आणि आठ माणसं. शनिवारी निघायचं, गगनबावड्यानं घाट उतरून देवगडजवळच्या एका खाडीवर मुक्काम, रविवारी सकाळी सातला पाण्यात, खाडीच्या मुखातून समुद्र, नऊला पाण्याबाहेर, दहाला परतीच्या वाटेवर. सोमवारी ज्याची त्याची कचेरी, शाळा, पेढी. अण्णांनी शेंगा मांडून प्रत्येक पंधरा मिनिटांचा हिशेब लावला होता. त्या दिवशी पैलवानानंसुद्धा एक शेंग खाल्ली नाही.

वाटेत चाक बसलं, पोचायला रात्र झाली. अंधारात पाणी बांधाला लागून चुबुक चुबुक वाजत होतं. अण्णांना काही दिसत नव्हतं, ते नुसते ऐकत उभे राहिले. "हाय," एवढंच म्हणाले.

सकाळी सातला आम्ही होड्या खांद्यावर घेऊन बांधावर आलो, आणि पाणी नव्हतं.

थट्टा नाही. जिथं रात्री पाणी होतं तिथं चिखल होता. त्यात बगळे चालत होते. लांबवर, पार खाडीच्या मध्यात, एक ओढ्याएवढी धार उरली होती. घड्याळजीनं पंधरा-पंधरा मिनिटांची आखणी केली, सात शहाण्यांनी ती तपासली, आणि भरती-ओहोटीचा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. नदीची माणसं आम्ही. आमचं पाणी चढतं ते पावसाळ्यात आणि उतरतं ते दिवाळीत.

जाळं झटकत एक म्हातारा कोळी आमच्याकडे बघत होता. "घाटावरले काय तुम्ही?"

"पाणी कुठं गेलं ओ?" पैलवानानं विचारलं.

"खंय जातला? येतला बारा वाजांक." अण्णांनी खिशातून घड्याळ काढलेलं बघून तो पुढं म्हणाला, "घड्याळ काय बघतास? ह्या पाणी घड्याळ बघून येणा नाय."

सगळे हसले, पोट धरून हसले. अण्णा हसले नाहीत. घड्याळ हातात तसंच धरून ते चिखलाकडे बघत होते.

मग हसण्याचं बोलणं झालं. ड्रायव्हर म्हणाला, ट्रकचा एक दिवा बंद आहे, अंधार पडल्यावर घाट चढणार नाही. बाराला पाणी म्हणजे आजचा मुक्काम इथंच. अडत्यांचा सोमवारी सौदा होता, दोघांना रजा नव्हती. "पुढच्या साली येऊ की," अडते म्हणाले. "आता पाण्याचं गणित कळलंय." माना डोलल्या. पैलवानानं होडीची दोरी ट्रककडे ओढायला घेतली.

अण्णांनी वळून फक्त माझ्याकडे बघितलं. ती नजर 'बोला' म्हणत होती की 'बोलू नका', हे मला आजही सांगता येत नाही.

मी बोललो. "पुढच्या वर्षी अण्णांना दिसणार नाही," म्हणालो, आणि बाभळीच्या फांदीपासून सगळं सांगून टाकलं.

पैलवानाच्या हातातली दोरी सुटली. अडते ड्रायव्हरकडे गेले, "मुक्काम," म्हणाले आणि जाकीट काढून बांधावर बसले. अण्णा माझ्याजवळ आले. "चिटणीस, तुमाला लिवायला ठेवलंय. बोलायला न्हाई." एवढं म्हणून लांब जाऊन उभे राहिले.

साडेअकराला पाणी आलं. आम्ही होड्या घातल्या. अण्णा पुढं, मी मागं. खाडीच्या मुखाशी होडी एकदम वर उचलली गेली. सवयीनं मी सुरू केलं, "डावीकडं कातळ. उजवीकडं काही नाही." आणखी शंभर वल्ही मारली, कातळ मागं पडला. "डावीकडंही काही नाही."

"गप बसा ओ जरा," अण्णा हळूच म्हणाले. "हितं बाजूचं सांगाय लागत न्हाई. बाजूलाबी ह्येच हाय."

त्यांचे खांदे खाली आले. त्या तीन वर्षांत त्यांची मान सारखी इकडून तिकडं फिरत असे, ती थांबली. मी रडलो, सांगायला कसली लाज! खारं पाणी तोंडावर उडत होतंच, कुणाला कळलं नाही.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण परत आल्यावर मंडळ बदललं. अण्णा घाटावर आले की बोलणं बंद व्हायचं. पैलवान पायऱ्यांवर त्यांचा दंड धरायचा. अडते "सावकाश, सावकाश" म्हणायचे. अण्णांनी आखणी मांडली की सगळे लगेच "होय अण्णा" म्हणत, आणि रविवारी कुणी येत नसे. कुणी त्यांच्याशी भांडत नव्हतं, कुणी त्यांची थट्टा करत नव्हतं. सगळे फार चांगले वागत होते, आणि मीही त्यांच्यातलाच.

पुढच्या पावसाळ्यात पूर आला. अण्णांना कळवायचं नाही असं आम्ही आपसांत ठरवलं. चिटणीस म्हणून निरोप पाठवायचं काम माझं, मी एक निरोप पाठवला नाही. होड्या सोडायच्या वेळी ते आलेच, भर पावसात, भिंतीला हात लावत लावत.

"कुठलं गाव?" त्यांनी विचारलं.

अडते होडीतलं पाणी उपसत राहिले. शेवटी मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही घरी जा. आम्ही आहोत."

ते आवाजाच्या दिशेनं एक पायरी खाली आले. मग शांतपणे म्हणाले, "चिटणीस, समुद्र दाखवलासा तुमी. ते मी इसरणार न्हाई. पर घाट काढून घेतलासा माझा."

आणि वळले. दिवाळीच्या आत दुकान बंद करून ते लेकीकडे गारगोटीला गेले. मी तीनदा स्टँडवर जाऊन गारगोटीच्या गाडीपाशी उभा राहिलो, आणि तीनदा गाडी सुटल्यावर परत आलो.

पण माझ्या डोळ्यांपुढं राहिलंय ते त्या दिवशीचं त्यांचं जाणं. पायऱ्या पाण्यानं निसरड्या झालेल्या. अण्णा एकेक पायरी पायानं चाचपत चढत होते. एकदा घसरले, गुडघ्यावर आले, पुन्हा उभे राहिले. खाली आम्ही सातजण हातात वल्ही घेऊन बघत होतो. हाक मारली तर आम्ही हात द्यायला येतोय असं त्यांना वाटेल, म्हणून कुणी हाक मारली नाही.