खुंटी धरती धरेना

करमाडची सरिता खरात गेली नऊ वर्षं पाणी शोधणाऱ्या पथकात काम करते. लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि खाली ओल आहे की कोरडा खडक, हे यंत्रावर वाचायचं. काळ्या रानात खुंटी दोन घावांत बसते. डोंगरावर ती नुसती वाजते.

त्या मार्चात डोंगरावरच्या एका वस्तीवर यंत्राचा आकडा नाचू लागला. कधी तीनशे, कधी नऊशे. पथकाचे इंजिनिअर राजकुमार घाम पुसत म्हणाले, "सरासरी धरू. बोअर इथंच सांगून टाकू."

सरिताला ते पटेना. मागच्या साली असंच सरासरीवर बोअर सांगितलं होतं आणि चारशे फुटांपर्यंत नुसता धुरळा निघाला होता. तिथल्या बाया तिला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. तेच तिला जास्त लागलं होतं.

"सर, हा आकडा खडकाचा नाय, आपल्या खुंटीचा हाय," ती म्हणाली. "खुंटी धरतीच धरंना. मिठाच्या पाण्यात चिकणमाती कालवून बुडाशी दाबू. एकेका जागी तीन-तीन खुंट्या तारेनं जोडू."

राजकुमार तयार झाले, पण पाणी आणायचं कुठून? तिनं वस्तीवरच्या मालनबाईंकडं मागितलं.

"पाणी शोधाया आलात अन् आमचंच पाणी मागता व्हय?" मालनबाई म्हणाल्या. दोन कोस चढून आणलेलं पाणी होतं ते. तरी त्यांनी अर्धा हंडा पुढं केला.

सरितानं थेंब न सांडता गारा केला आणि खडकाच्या भेगांत ठासला. ऊन तापत होतं. गारा वाळला तर दुसऱ्यांदा पाणी मागायला तोंड नव्हतं.

आकडा थांबला. तीनदा घेतला, तीनदा तोच. मात्र तो सांगत होता की इथं खाली कोरडा पाषाण आहे. वस्तीनं तर या जागी नारळसुद्धा आणून ठेवला होता. मग तोच गारा खरवडून पुन्हा वापरत, दिवसभर त्याच रीतीनं खुंट्या ठोकत ते उताराला सरकले. खालच्या लवणात, दोन उतारांमधल्या सखल जागी, आकडा उतरला; म्हणजे तिथं खाली ओल होती.

पंधरा दिवसांनी लवणात बोअरची गाडी लागली. दीडशे फुटांपर्यंत धुरळाच उडाला. सरिता तो मुठीत घेऊन ओल चाचपत राहिली. एकशे सत्तरला चिखल आला, मग गढूळ पाणी.

बाया हंडे घेऊन धावल्या. मालनबाई मात्र धारेखाली हात धरून म्हणाल्या, "वैशाखात टिकंल का गं हे?"

"ते मशीन नाय सांगत, मावशी," सरिता म्हणाली. वैशाखभर ती दर सोमवारी वस्तीवर फोन करत राहिली. धार बारीक झाली, पण तुटली नाही.