गार्गीच्या बॅगेतली तेलाची बाटली

ताई, आम्ही नाशिक सोडलं त्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती आणि आई रेवाच्या डोक्यावर तेल थापत होती. "तिकडं थंडी असते, पोरीचं डोकं कोरडं ठेवू नकोस," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. सहा वर्षांची रेवा दोन घट्ट वेण्या घालून लंडनला उतरली.

आता तुझी गार्गी एमएस्सीला येतेय, इथं लंडनमध्ये, हॅरोला आमच्याकडेच राहणार आहे. सोबत काय देऊ, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर लिहायला बसले आणि भलतंच लिहितेय.

परवा स्टेशनवर एक कुटुंब दिसलं. प्लॅस्टिक गुंडाळलेल्या बॅगा, साडीवर स्पोर्ट्स शूज, आजींना कानटोपी. रेवा मैत्रिणीला हळूच म्हणाली, "फ्रेशीज." दोघी खुदकन हसल्या.

फ्रेशी म्हणजे नुकताच बोटीतून उतरलेला. 'फ्रेश ऑफ द बोट' तोडून केलेला शब्द. गोऱ्यांच्या तोंडून मी तो कधी ऐकला नाही. तो आपल्या लोकांतच चालतो. इथं जन्मलेली मुलं नव्यानं आलेल्यांना चिकटवतात. ज्यांचे आजोबा खरोखर बोटीनं आले, त्यांनी विमानानं आलेल्यांना असं म्हणायचं, कमाल आहे. बोलण्याचा हेल, डब्यातली भाजी, तेलकट केस, सगळं त्या एका शब्दात बसतं.

घरी चहा टाकता टाकता मी रेवाला झापलं. "गार्गीताई आली की तिलाही हेच म्हणणार का?"

"तिला सांग ना, केसाला तेल नाही लावायचा," ती फोनवरची नजर न काढता म्हणाली. "अ‍ॅटलीस्ट बाहेर जाताना. पीपल लाफ करतात. मला करायचे. इयर टूमध्ये, एव्हरी डे. आपल्याच इंडियन गर्ल्स. फ्रेशी म्हणायच्या."

मी गॅस बंद केला. त्या वर्षी, इथल्या दुसरीत असताना, ती एकदा तेल नको म्हणून हमसून रडली होती. पोरगी आतापासून नखरे करायला लागली, असं मी आईला फोनवर कौतुकानं सांगितलं. आईही हसली. रेवा शेजारीच बसली होती.

इतकी वर्षं मला वाटायचं, हिनं आपलं सगळं सोडून दिलं. ते तिच्याकडून शाळेच्या मैदानात काढून घेतलं होतं, आपल्यासारखीच नावं असलेल्या मुलींनी. आणि आता तोच शब्द तिच्या तोंडात बसलाय. मला फार वाईट वाटतंय, रागही येतोय, पण कुणावर ते कळत नाही.

तेव्हा जाड जॅकेट देऊ नकोस, इथं घेऊ. मसालेही मिळतात. आई वापरते त्या तेलाची बाटली मात्र दे. गार्गीनं नाही लावलं तरी चालेल. एखाद्या रविवारी, बाहेर कुठं जायचं नसेल तेव्हा, मी रेवाला पुढ्यात बसायला सांगणार आहे. ती बसली, तर हॅरोत आपलं घर आहे असं मी म्हणेन.