आइतवारची पात

चार वर्षं झाली, एकही माणूस झाला नाही, असं पाद्रीसाहेबांनी मला अमरावतीच्या प्रार्थनाघराच्या ओट्यावर सांगितलं. झाला नाही म्हणजे माझ्या सासरच्या गावात कोणी ख्रिस्ती झालं नाही. नाताळापर्यंत पाहू, मग तू अकोल्याला चल, असं त्यांचं म्हणणं. अकोल्याला आगगाडी येणार, माणसं लोटणार, वचन ऐकणारे कान तिथे जास्त. मी म्हटलं, कान माझ्या गावातल्या बायांनाही दोन-दोनच आहेत. साहेब हसले नाहीत. गृहस्थ फार भला, पण दरसाल त्यांना विलायतेला पत्र लिहावं लागे आणि किती जण झाले हे त्यात घालावं लागे.

मला राग आला होता. आजही आठवलं की येतो.

मी विधवा झाल्यावर साहेबांच्या मडमेजवळ वाचायला शिकले आणि बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सासरच्यांनी मला घराबाहेर काढलं. गाव अमरावतीपासून दोन कोसांवर, दर्यापूरच्या वाटेला. मी प्रार्थनाघराच्या आवारात राहायला आले, पण गाव सोडलं नाही. तिथे शिरायला मला एकच वाट उरली होती, ती कापसाच्या वावरातून. पाण्याला विटाळ होतो, चुलीला होतो, कापसाला होत नाही, हे आमच्याकडचं सोयीचं शास्त्र. त्यातून साता समुद्रापलीकडे कुठे लढाई पेटली होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. वेचायला बाया मिळेनात, म्हणून पाटलाने मला घेतलं. दुपारी बाया भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसल्या की मी जरा अंतरावर बसून पुस्तक उघडायची आणि मोठ्याने वाचायची. बहुतेक जणी झोपायच्या.

पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. वावराच्या कोपऱ्यात झाडांना कापसाचा धागा गुंडाळायचा, दहीभात वाहायचा, हात जोडायचे आणि मग वेचायला लागायचं. मी हात जोडत नसे. बांधावर उभी राहून माझ्या प्रभूला माझ्या शब्दांत सांगे, की पीक तूच दिलंस, आता बोटांना बळ दे. बाया म्हणत, ही पिकाला नाट लावील. एका साली बायांनी विटाळ नको म्हणून वरून टाकलेला प्रसादाचा दहीभात मात्र मी ओंजळीत घेऊन खाल्ला. ते साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला घटकाभर सुनावलं. मी म्हटलं, साहेब, भूक लागली होती.

खरं भांडण आइतवारचं. वेचताना प्रत्येक बाई आपली पात धरते. पात म्हणजे झाडांच्या दोन-तीन ओळी, वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकीच्या पातीत दुसरीने शिरणं म्हणजे तिच्या ताटात हात घालणं. मी शनिवारी अर्धी पात वेचून जायची आणि आइतवारी यायची नाही. मग पाटील माझ्या पातीत दुसऱ्या बाया घालायचा, आणि सोमवारी मला खुरटी बोंडं असतील तिथे उभं करायचा. माझ्या अर्ध्या राहिलेल्या पातीत सगळ्यांआधी शिरायची ती माझी थोरली जाऊ. वर सोमवारी मला ऐकवायची, "तुया देवानं हात बांधले काय व तुये? कापूस त आइतवारी बी फुटते."

चार वर्षं हे असंच चाललं. पाचव्या हंगामात पाटलाने निर्वाणीचं सांगितलं. "या आइतवारी नाई आली, त सोमवारी वावरात पाय ठेवू नोको." म्हणजे वावर सुटलं की गाव सुटलं. साहेबांना यात देवाची इच्छा दिसली. मला पाटलाची दिसली.

शनिवारी संध्याकाळी अर्धी पात मागे टाकून मी निघाले. जाऊ शेजारच्या पातीत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या ये. एक आइतवार चुकला त तुया देव मरून नाई जात."

"तो नाई मरत बाई. पन मी त्याले जबान देली हाये."

ती पुढच्या झाडाकडे सरकली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आम्ही नेहमीचे तिघंच होतो, साहेब, मडम आणि मी. त्या दिवशी मी प्रार्थना केली नाही, भांडण केलं. म्हटलं, चार वर्षं तुझ्यापायी उभी आहे, आता एकदा तू माझ्यापायी उभा राहा. असं बोलू नये, हे मला कळत होतं. तरी बोलले, आणि ते परत घेतलेलं नाही.

दुपारी साहेब म्हणाले, चल, गावाचा निरोप घेऊन ये, मीही येतो. त्यांच्या बैलांच्या दमणीत बसून आम्ही गेलो. मला वाटेत रडू आलं, ते मी पदरात दाबलं.

वावर दिसलं आणि मी गाडी थांबवायला सांगितलं. सगळं वावर वेचून झालेलं, झाडं नुसती तपकिरी. मधोमध माझी अर्धी पात पांढरीशुभ्र उभी होती. एका बोंडालाही हात लागला नव्हता. पातीच्या तोंडाशी जाऊ भाकरी खात बसली होती.

"पाटील म्हने, शिरा," ती म्हणाली. "मी म्हनलं, मी नाई शिरत. मंग कोनीच शिरली नाई. सगळ्याजनीले काढन काय तो? बाया कुठून आनन?"

"काहून पन, बाई?"

"तुया देवाशी मले काई घेनं नाई." तिने भाकरी खाली ठेवली. "चार वरसं तुई पात मीच खाल्ली. तू एक बी आइतवार आली नाई, अन् एक दिवस भांडली नाई. आता लाज वाटून राहिली मले."

मनातल्या मनात मी तिच्याशी किती भांडले होते, ते तिला कुठे ठाऊक. मी तिथेच ढेकळांत बसले आणि रडले.

साहेबांनी मला हळूच विचारलं, "ही बाई विश्वास ठेवते काय?"

"नाही साहेब."

"मग मी पत्रात काय लिहू?"

"तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. मी अकोल्याला येत नाही."

जाऊ शेवटपर्यंत ख्रिस्ती झाली नाही. पत्रात घालण्यासारखं माझ्या हातून त्या साली काही झालं नाही, पुढच्या सालीही नाही. नाताळ झाला आणि साहेब अकोल्याला गेले. पण त्या आइतवारनंतरच्या सोमवारी दव सुकायच्या आत मी माझ्या पातीत उभी होते, पाटलाने अडवलं नाही, आणि दुपारी पुस्तक उघडलं तेव्हा जाऊ जागी होती.