सीमा वलांडीपाशी आहे

हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर माझ्या पोटात दुखेल. अंधेरीला आमच्या ऑफिसच्या जिन्यात बसून फोनवर टाईप करतेय. वर हॉलमध्ये वर्कशॉपवाले अजून समोसे खातायत. टायपो दिसले तर सोडून द्या यार.

तर मागच्या गुरुवारी दुपारी गोराईला इनास अंकलच्या टेबलावर मी एक कागद ठेवला आणि म्हटलं, "अंकल, हा तुम्हीच काढलेला नकाशा. यात सीमा कुठेच नाही. म्हणजे तुमच्या मनात समुद्राला सीमाच नाहीये, बरोबर ना?"

पेन उघडून मी 'हो' ऐकायला तयार होते.

थोडं मागे जाते. मी पॉलिटिकल सायन्सवाली, एका छोट्या संस्थेत रिसर्च असिस्टंट. (आई बोरीवलीला आख्ख्या सोसायटीत सांगते, "आमची तन्वी राजकारणात आहे.") आमचा प्रोजेक्ट समुद्रातल्या सीमेवर. दोन देशांमधली हद्द समुद्रातही असते, फक्त तिथे कुंपण नसतं, पाटी नसते. मच्छीमार चुकून ओलांडतात आणि पलीकडच्या तुरुंगात जातात. आम्हाला बघायचं होतं की ही रेघ त्यांच्या डोक्यात कशी दिसते. त्यासाठी मेंटल मॅप नावाची एक पद्धत आहे. माणसाला कागद द्यायचा आणि सांगायचं, तुझ्या मनातली जागा काढ. बस. चित्र चांगलं यायची गरज नाही.

कागद मी बनवला होता. ए-फोर. उजव्या बाजूला वसईपासून वर्सोव्यापर्यंतचा किनारा छापलेला, डावीकडे मोकळा समुद्र. गोराईत घरोघरी फिरले. लोकांनी काय काय काढलं! खडक, जाळी लावायच्या जागा, बुडालेली बोट, चर्चचा कळस जिथून दिसेनासा होतो ती जागा. सीमा एकानेही काढली नाही. एकानेही!

मी वेडी झाले. रात्रंदिवस तेच डोक्यात. डोळे मिटले की निळं पाणी, त्यावर एकही रेघ नाही. राज्यांनी कितीही रेघा ओढू देत, या माणसांच्या मनात समुद्र अखंड आहे! पेपरचं नाव ठेवलं 'सीमा नसलेला समुद्र'. वर्कशॉपला सिलेक्टही झाला. कर्णिक मॅडम माझ्या बॉस. त्यांच्या नावाखाली पहिल्यांदाच माझं नाव छापलं जाणार होतं. मी तो मेल सात वेळा वाचला.

मॅडमनी ड्राफ्ट वाचला आणि एवढंच विचारलं, "हे त्यांना दाखवलंस?"

"कुणाला?"

"ज्यांच्या मनाबद्दल लिहिलंयस त्यांना."

याला आमच्यात मेंबर चेक म्हणतात. काढलेला निष्कर्ष त्याच माणसांसमोर ठेवायचा, पटतोय का बघायचं. मला वाटलं, फॉर्मॅलिटी. म्हणून गुरुवारी परत गोराई.

इनास अंकलनी चष्मा लावला. आता ते घराजवळच मासेमारी करतात, पण तरुणपणी गुजरातकडच्या मोठ्या बोटींवर खलाशी होते. कागद उलटा केला, मागची कोरी बाजू बघितली, परत सुलटा केला.

"या कागदावर सीमा कुठे बसणार गो?"

"म्हणजे?"

"तू बोललीस, यावर काढ. मी काढलं. यावर गोराई आहे, वसई आहे. सीमा कुठेय इथे? ती तर तिकडे वर."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुझ्या पोर्शनला एवढंच असेल."

ते उठले. कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि बोट टेबलावरून पुढे नेलं. "हे अर्नाळा. हे डहाणू." टेबल संपलं. अंकल खाली उतरले, म्हणजे बोट हवेत तसंच धरून लादीवर चालायला लागले. मी वही घेऊन मागे.

"इथे दमण. आता डावीकडे सरक, आपण किनारा सोडला."

त्यांच्या मिसेस रोझी आंटी आतून ओरडल्या, "इनास! आत्ता लादी पुसलीय, पाय घसरंल!"

"समुद्र आहे, ओला असणारच!"

आम्ही ओल्या लादीवरून हळूहळू निघालो. खिडकीतून ऊन येत होतं आणि लादी खरंच चमकत होती. कुठे पाण्याचा रंग बदलतो, कुठे करंट बोट ओढतो, ते पाऊल टाकता टाकता सांगत होते. सोफ्याजवळ दीव आलं. उंबरठा ओलांडला. मला ना, शप्पथ, पायाखाली काहीतरी हलल्यासारखं वाटत होतं.

अंगणात बोंबील वाळत घातले होते. बांबूंची उंच मांडणी असते ना, वलांडी म्हणतात तिला, त्यावर. वाऱ्याने सगळे बोंबील एकदम हलत होते. वलांडीच्या दोन पावलं आधी अंकल थांबले.

"इथे."

"इथे काय दिसतं?" मी विचारलं.

"काय दिसणार? पाणी. मागं होतं तसंच. पण तांडेल बोलायचा थांबतो." तांडेल म्हणजे बोटीचा कॅप्टन. "मग सगळी बोट गप्प होते. गप्प झाली की समजायचं, आली."

तेही गप्प झाले. मीही. फक्त बोंबलांचा आवाज. वाळलेले बोंबील एकमेकांवर घासले की कागद चाळल्यासारखा आवाज येतो.

मग ते वलांडीच्या पलीकडे बघत म्हणाले, "माझा जोडीदार गेला होता तिकडे. मुद्दाम नाय. इंजिन बंद पडलं, करंट घेऊन गेला. दोन वर्षांनी आला. त्याची पोरगी त्याला ओळखेना."

माझ्या वहीत वर लिहिलं होतं, 'यांच्या मनात सीमा नाही.' मी पान दुमडलं.

बोटीची वाट बघत जेट्टीवरूनच मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

"कागदाचा साईज कुणी ठरवला होता?"

"मी."

"का?"

"प्रिंटरमध्ये तोच होता."



"मग तेच लिही," मॅडम म्हणाल्या. "टायटल बदल."

"आणि माझं नाव, मॅडम?"

"नाव राहील. चूकही त्याच नावावर राहील."

शुक्रवार, शनिवार, सोमवार खडू घेऊन परत सगळ्या घरी गेले. या वेळी कागद नाही, अंगण. कुणी सीमा तुळशीपाशी काढली, कुणी क्रूसापाशी, एकाची रेघ फाटकाबाहेर रस्त्यावर गेली आणि रिक्षावाला हॉर्न मारत बसला. दोघी म्हणाल्या, आम्हाला नाही माहीत, पोरांना विचार. रविवारी घरी बसून इनास अंकलची पावलं स्केलवर मांडली. छापील नकाशाशी दीड पावलाचा फरक आला. तेवढंच. फूटपट्टी माझ्या हातात, नकाशा त्यांच्या पायात.

आणि आज वर्कशॉप. सुंदर अखंड समुद्राऐवजी मी स्क्रीनवर ओली लादी आणि बोंबील दाखवले. एका सरांनी विचारलं, "म्हणजे तुमचं आधीचं फाइंडिंग फक्त स्टेशनरीचं होतं?" हॉल हसला. मी म्हटलं, "हो सर." मॅडम हसल्या नाहीत, पण मी खाली बसताना माझ्यासमोर पाण्याची बाटली सरकवली. पेपर राहिला. तो अखंड निळा समुद्र मात्र गेला, आणि खरं सांगू, मला त्याची अजून आठवण येतेय.

शिकले काय, तर एखाद्याच्या डोक्यात अमुक नाही असं लिहिण्याआधी आपण त्याला केवढा कागद दिला होता ते बघायचं. आणि प्रिंटरला विचारून रिसर्च करायचा नाही.

तुमचं झालंय का असं कधी? तुम्ही प्रश्न एवढासा विचारलात, समोरच्याने बिचाऱ्याने तेवढंच उत्तर दिलं, आणि तुम्हाला वाटलं, याला एवढंच माहीत आहे? सांगा ना. मी जिन्यातच बसलेय.