निवडणारा हात

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी एन्नोरला, होड्या लागतात तिथे, पत्रकं वाटत होते. त्यांच्या मुलीचा, सुमती अक्काचा फोन. "अण्णा गेले... अकरापर्यंत ये. मग नेतील." मी फोन खिशात टाकला, उरलेली पत्रकं वाटून संपवली आणि मगच निघाले. पोचले तोवर नेलं होतं. हे मुद्दाम लिहितेय. माणूस गेला की सगळे हळवे होतात आणि त्याच्याबद्दल खोटं लिहितात. मी त्यांच्यावर चिडलेली होते, आजही आहे.

वेस्ट मांबलमला मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. तंजावरकडचं जुनं मराठी घर. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तुझी मराठी धावते मा, आमची बसून बोलते." घरं वाटणाऱ्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. एन्नोरला वीजकेंद्राची राख पडते त्या पट्ट्यातल्या कोळी कुटुंबांना लांब नवी घरं मिळणार होती. फॉर्म इंग्रजीत. मी त्या वस्तीत काम करायचे; ते भरून द्यायला मी गळ घातली आणि अण्णा तयार झाले. गुडघ्यांमुळे ते एकटे कुठे जात नसत. मांबलमहून लोकलने बीच स्टेशन, तिथे गाडी बदलून एन्नोर, सगळा वेळ माझा दंड धरून. खाली त्यांची तपासणीची सही असली की कचेरीत फॉर्म कोणी उघडूनही बघत नसे. इतका त्यांचा दबदबा.

त्यांची रीत एकच. फॉर्म भरून झाला की त्यातली प्रत्येक ओळ तमिळमध्ये मोठ्याने वाचायची, आणि समोरच्याने सगळ्यांदेखत 'आमा', म्हणजे हो, म्हणायचं. मग सही. इथे स्वतंत्र घर असेल त्यालाच नवं घर मिळणार होतं, म्हणून 'या पत्त्यावर तुमचं स्वतंत्र घर आहे का?' या ओळीवर भावाकडे राहणारे, मेहुण्याकडे राहणारे, सगळे बेधडक 'आमा' म्हणत होते. बसायला जागा नाही अशा खोपटात तीन-तीन स्वतंत्र घरं! अण्णा ऐकायचे आणि सही ठोकायचे. मग सेल्वी आली. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन माहेरी परतलेली, मुलीला राखेने दमा. अण्णांनी ओळ वाचली. सेल्वी म्हणाली, "नाही अय्या. भावाच्या पडवीत राहते." मागून बायका कुजबुजल्या, आमा म्हण गं! पण शब्द तोंडातून निघून गेला होता. अण्णांनी पेनाला टोपण लावलं. "इलिजिबल नाहीं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी खरं बोलणारी ती एकटी, आणि यादीतून गळालेलीही ती एकटीच.

घरी आल्यावर मी भांडले. ते शांतपणे शब्दकोश काढून बसले! म्हणाले, "इलिजिबल शब्दाचें मूळ ठाऊक आहे का? लॅटिन. वेचून बाहेर काढणें. इलेक्शन, एलीट, सगळीं त्याचींच लेंकरें. आपण सुपांत तांदूळ निवडतों ना, तसेंच पाहा."

"तांदळाला कोणी विचारतं का, अण्णा?"

"म्हणजे?"

"म्हणजे लायकी तांदळात नसते. ती निवडणाऱ्या हाताच्या मर्जीत असते. तुमचा शब्दच तसं सांगतोय. आणि आज तो हात तुमचा होता. सगळ्यांचं खोटं चाललं तुम्हाला, कारण ते तुमच्या तोंडचं नव्हतं."

त्यांनी शब्दकोश मिटला. मग मी म्हणायला नको ते म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांना नाही म्हणण्याचा पगार घेतलात, आता ते फुकट करताय." त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला. बरं वाटलं मला. पिशवी उचलून एग्मोरला मैत्रिणीकडे गेले. फॉर्म द्यायला तेव्हा तीन दिवस उरले होते. पुढचे दोन दिवस अण्णांचे फोन येत राहिले, एकूण चार. मी एकही उचलला नाही. म्हातारा माफी मागणार, आणि मला माफ करायचं नव्हतं... त्यानंतर दीड महिन्याने ते गेले.

तेराव्याला अक्काने मला त्यांच्या खणातला एक लिफाफा दिला. वर माझं नाव. आत सेल्वीचा फॉर्म, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत भरलेला. स्वतंत्र घर आहे का? आहे. ते त्यांच्याच अक्षरात, त्या लफ्फेदार हेडक्लार्की अक्षरात, धडधडीत खोटं. खाली त्यांची सही, आमच्या भांडणानंतरच्या दिवसाची तारीख. फक्त अर्जदाराची सही राहिलेली. तेवढीच आणून द्यायला ते मला फोन करत होते.

मी फॉर्म घेऊन सेल्वीकडे गेले. काही लपवलं नाही, चार फोनही सांगितले. पडवीत तिची मुलगी खोकत होती. सेल्वीने मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे सही करायची होती?"

"हो."

"एवढीच?"

"एवढीच."

"मग फोन उचलायचा ना, मा." आवाज चढला नाही तिचा. मासळीचा भाव सांगावा तसं म्हणाली. मग हात पुढे केला. "पेन दे."

"आता उपयोग नाही सेल्वी, मुदत..."

"ठाऊक आहे. दे."

तिने मांडीवर कागद ठेवून तमिळमध्ये सावकाश नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि कागद माझ्या हातात ठेवला. "घे. आता ठेव तुझ्याकडे."

तो माझ्या टेबलावर आहे. एकही रकाना रिकामा नाही. कुठलीही कचेरी परत पाठवणार नाही इतका चोख फॉर्म आहे तो.